छपराच्या दिवसाचं सूप

सकाळी सहा वाजता मिरेयाने अंगणातली एकेक वस्तू बोट लावून मोजली. साठ लिटरचं ॲल्युमिनियमचं पातेलं एक, तेही मागून आणलेलं. नऊ किलो बटाटे. एकेचाळीस गाजरं. बावीस कांदे. पाच किलोंचा एक लाल भोपळा, दोन कोबी, नऊ सलगम, वाळलेल्या पिवळ्या मिरच्या बारा. चार किलो हबा, म्हणजे वालासारखं पण अंगठ्याच्या नखाएवढं टपोरं कडधान्य, रात्रभर भिजून बादलीभर झालेलं. वाडगे बत्तीस, त्यांतले तीन काठाला फुटके. मांस नव्हतं. पत्रे घेतल्यावर मांस घेण्याजोगं काही उरलं नव्हतं. पत्रे अठ्ठेचाळीस. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या कच्च्या विटांच्या चार भिंती, डोक्यावर नुसतं आभाळ, उंची दोन मीटर चाळीस.

येणारी माणसं एकोणतीस.

चार हजार मीटर उंचीवरच्या एल आल्तोच्या पार कडेला, जिथे मिनीबस रिकाम्या होऊन वळतात, तिथली ही वस्ती. इथे छप्पर कोणी मजुरीने घालून घेत नसे. आज शेजारी तुमच्या घरावर चढायचे, उद्या तुम्ही त्यांच्या घरावर. प्रत्येक घराला एक रविवार मिळायचा, आणि तो गेला की गेला. मिरेया आणि तिचा नवरा सेनोबियो यांचा रविवार आज होता. पुढचा दुसऱ्यांचा, त्याच्या पुढचा तिसऱ्यांचा, आणि मग डिसेंबर आणि रोज दुपारी गारा. गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या घराचं काम अर्धवट राहिलं. त्याच संध्याकाळी एका गारपिटीत त्यांच्या उघड्या भिंती सत्तावीस सेंटिमीटर खचल्या. ते लोक अजून भाड्याने राहतात.

घरच्यांकडून माणसांची अपेक्षा एकच असे. बाराला सूप. साधं, भाजीचं चालेल, पण चमचा उभा राहील असं. छपराच्या दिवशी या गल्लीत आजवर ते बासिलिया मावशीच करत आली होती. ती सेनोबियोची सख्खी मावशी. पण पहाटे चारला तिच्या मुलीला कळा सुरू झाल्या आणि मावशी शाल गुंडाळून खाली शहरात इस्पितळात निघून गेली. जाताना दारातून एवढंच म्हणाली, “कांदा नीट परत. आणि घाबरू नकोस.”

मिरेया घाबरली नव्हती. ती खालच्या गरम जंगलपट्टीतली, बेनी नदीच्या काठची. वरचे लोक तिकडच्यांना कांबा म्हणतात, आणि म्हणताना जरा हसतात. लग्न होऊन ती इथे आली त्याला आठ महिने झाले होते. येताना तिने दोन बस बदलून आईचं लाकडी उखळ आणलं होतं, गुडघ्याएवढं उंच, दोन मुसळांसकट. तिकडे त्यात केळी कुटतात. इथे केळी नव्हती. त्यामुळे उखळ अंगणात पडून होतं आणि येणारा-जाणारा त्यावर बसून बूट काढायचा.

तिने गॅसच्या मोठ्या शेगडीवर पातेलं चढवलं, अठ्ठावीस लिटर पाणी घातलं. वारा ज्योत विझवत होता म्हणून अठ्ठेचाळीसांतला एक पत्रा दोन विटांच्या ढिगांमध्ये आडोशाला उभा केला. सगळ्यांत उशिरा शिजणारं आधी, या हिशेबाने हबा आत टाकल्या. पावणेआठला पाण्याला खळखळून उकळी आली. बुडबुडे मुठीएवढे. आपलं काम चोख चाललंय, असं तिला वाटलं.

नऊच्या सुमाराला तेओदोसिया काकू आली. समोरच्या घरातली, दोन लांब वेण्या, त्यांवर गोल हॅट, हातात स्वतःची सुरी. दुसऱ्याच्या सुरीने बटाटा सोलला तर हात दुखतो, असं तिचं म्हणणं. सेनोबियो आणि बाकीचे वाशांवर चढले होते. हातोड्यांचा आवाज सुरू झाला होता. तेओदोसियाने कोणाला न विचारता झाकण उचललं, डाव भरून दाणे काढले, एक दाताखाली धरला.

“अगं कांबा,” ती म्हणाली, “हे कधी घातलंस?”

“सहाला, काकू. उकळतंय पावणेआठपासून.”

“मग ठीक आहे. पुढच्या रविवारपर्यंत होतील.”

“म्हणजे?”

“म्हणजे दगड आहेत, पोरी. खा ना, खाऊन बघ. तुझे दात तरणे आहेत.”

मिरेयाने दाणा चावला. कडक. दुसरा चावला. तोही तसाच.

“पण घरी तर मी दर आठवड्याला करते! वीस मिनिटांत मऊ होतात.”

“कशात करतेस?”

“कुकरमध्ये.”

तेओदोसिया नुसती हसली. पातेल्याकडे बघितलं, मग मिरेयाकडे. “यावर शिट्टी कुठे बसवायची, तेवढं सांग.”

मिरेयाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात दिसलं ते काही फारसं चांगलं नव्हतं. खाली नदीकाठी पाणी उकळलं की ते खरंच उकळलेलं असे. इथे हवाच विरळ. पाणी सत्त्याऐंशी अंशांना उकळ्या फोडू लागतं आणि तिथेच थांबतं. गॅस वाढवला तर बुडबुडे वाढतात, ताप वाढत नाही. इथल्या कुठल्याही बाईला हे नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक. मिरेयालाही आल्या आल्या सांगितलं होतं. पण आठ महिने कुकरने तिची अडचण झाकून ठेवली होती. उघड्या भांड्यात कडधान्य शिजवायची वेळच आली नव्हती.

“बासिलिया मावशी काय करायची?”

“दोन दिवस आधी हबा भाजायची, गिरणीतून पीठ करून आणायची. आज रविवार. गिरणी बंद. आणि तुझ्या हबा भिजलेल्या, त्या आता भाजणार कशा?” तेओदोसियाने बटाटा हातात घेतला. “माझ्याकडे वाटायचा दगड आहे. पण एका वेळी मूठभर वाटतं त्यावर. बादलीभर वाटून होईपर्यंत मला नातवंडं होतील.”

शिडीवरून फ्रोइलान मिस्त्री उतरला. साठीचा, बुटका, कानामागे पेन्सिल. वस्तीतलं प्रत्येक छप्पर त्याच्या देखरेखीखाली चढलेलं. तोही झाकण उचलायला आला. त्या गल्लीत झाकणाला काही इज्जतच नव्हती.

“हबा शिजल्या नाहीत,” मिरेयाने त्याने विचारायच्या आत सांगितलं.

“दिसतंय.”

“त्या काढून टाकते. भाज्या घालते. बाराला सूप तयार असेल, मिस्त्री.”

“कसलं? गाजराचा काढा?” त्याने माणसांकडे हनुवटीने खूण केली. “ऐक पोरी. पातळ सूप प्यायलं की माणूस म्हणतो, जरा घरी जाऊन दोन घास खाऊन येतो. घरी गेला की त्याची बायको म्हणते, जरा पडा. आणि मग मी छपरावर एकटा. दोनला ढग येतात, चारच्या आत फुटतात. जड सूप बाराला मिळालं तर सगळे इथेच राहतील, तीनपर्यंत शेवटचा पत्रा ठोकतो. नाही मिळालं तर…” त्याने भिंतीवर पंजा टेकवला. वाळलेली माती त्याच्या तळव्याला लागली. त्याने ती तिला दाखवली आणि परत शिडी चढला.

वरून सेनोबियो ओरडला, “मिरे, काय झालं?”

“काही नाही! खिळे ठोक तू!”

नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

मिरेयाने एक दाणा सुरीने मधोमध कापला आणि उजेडात धरला. रडायला सवड होती, पण त्याआधी तिला बघायचं होतं की नक्की काय झालंय. दाण्याच्या कडेने मऊ, पारदर्शक असा पट्टा होता, मिलिमीटरभर, फार तर दीड. आतलं सगळं खडूसारखं पांढरं. दुसरा कापला. तसाच. पाचवा कापला. प्रत्येकात तेवढाच पट्टा.

“आता काय त्यांची चिरफाड करणार?” तेओदोसियाने विचारलं.

“काकू, बाहेरचं शिजलंय.”

“मग बाहेरचं खाऊ आपण. आतलं थुंकू.”

“नाही, बघा ना. दीड तासात ताप एवढाच आत शिरलाय. म्हणजे दाणाच एवढासा असता, तर एव्हाना पुरता शिजला असता.”

तेओदोसियाची सुरी थांबली. “असता तर. पण नाहीये.”

मिरेयाने मूठभर दाणे चौथऱ्यावर घेतले आणि विटेने ठेचले. ज्वारीच्या कण्यांएवढा भरडा झाला. तो फडक्यात सैल बांधला, गाठ डावाच्या दांड्याला अडकवली आणि उकळत्या पाण्यात सोडली. सेनोबियोचं घड्याळ खिडकीच्या रिकाम्या चौकटीत लटकत होतं. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तेओदोसिया तिच्याकडे बघत बसली. पंधरा मिनिटं भरली.

फडकं काढलं. सोडलं. चिमूटभर तेओदोसियाच्या तळहातावर ठेवलं.

तिने जिभेवर घेतलं. टाळूला लावलं. “कच्चट वास आहे,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पण शिजलंय.”

“वास कांदा-मिरचीत जाईल.”

“जाईल. पण कुटणार कशात? विटेने? बादलीभर?”

मिरेया अंगणाच्या कोपऱ्याकडे वळली. उखळावर सेनोबियोचा मित्र बसून बुटातला खडा झटकत होता.

“उठा,” ती म्हणाली.

“अहो वहिनी, बूट तरी…”

“उठा म्हणते ना!”

उखळ धुऊन निघालं, उकळत्या पाण्याने दोनदा. झाऱ्याने हबा उपसून टोपलीत काढल्या. एका घाण्याला दोन किलो दाणे बसत होते. मिरेयाने मुसळ उचललं आणि पहिला घाव घातला. दाणे उडाले, अर्धे बाहेर.

“व्वा,” तेओदोसिया म्हणाली. “कोंबड्यांचं जेवण झालं.”

“थोडं पाणी घाला, काकू. आणि ते दुसरं मुसळ घ्या.”

“मी? हे लाकूड?”

“तिकडे दोघी मिळून कुटतात. माझं वर गेलं की तुमचं खाली. माझं खाली आलं की तुमचं वर. डोकं मात्र मध्ये घालू नका.”

तेओदोसियाने हॅट काढून खुंटीला लावली. पहिले पाच-सहा घाव मुसळं एकमेकांवर आदळली. वरून कोणीतरी ओरडलं, “बायांनो, भांडण आहे की स्वयंपाक?” तेओदोसियाने मान वर न करता उत्तर दिलं, “तू खाली ये, मग कळेल!” आणि बोलता बोलता तिच्या हाताला ठेका सापडला. धप्-धप्, धप्-धप्. हातोडे वर, मुसळं खाली. चाळीस घावांनंतर मिरेयाचा श्वास संपला. छाती भात्यासारखी, डोळ्यांपुढे काजवे. आठ महिन्यांत उंचीची सवय झाली होती, पण अशी कामाची नाही.

“बस,” तेओदोसिया म्हणाली. “दहा श्वास घे. मोठे. मोजून घे. मी चालू ठेवते.”

मिरेयाने दहा श्वास मोजले आणि परत उठली. चाळीस घाव, दहा श्वास. चाळीस घाव, दहा श्वास. चार घाणे झाले. अकराला दहा कमी असताना टोपलीत पिवळसर, ओला, रवाळ भरडा होता, आणि दाणा म्हणावा असा एकही नाही.

ती तो तसाच पातेल्यात ओतणार, तेवढ्यात तेओदोसियाने तिचं मनगट धरलं.

“हां! हां! तळाला बसेल आणि करपेल. मग सूप नाही, डांबर होईल. आधी गार पाण्यात कालव. आणि मग ओत, बारीक धार. एकीने ओतायचं, एकीने ढवळायचं.”

“हे तुम्हाला कसं माहीत?”

“पीठ घालताना पण हेच करावं लागतं, बाई. तुमच्याकडे अक्कल आहे, आमच्याकडे करपलेली पातेली आहेत.”

भरडा धारेने आत गेला. लाकडी वल्ह्याने मिरेया ढवळत राहिली, तळ खरवडत, आठाचा आकडा काढत. फेस काठापर्यंत चढला, तिने गार पाण्याचा तांब्या मारला, तो बसला. गाजर आणि सलगम आधीच चिरून झाले होते, ते गेले. मग बटाटे. तेओदोसिया ते नेहमी चौकोनी, मोठे कापायची. आज तिने एक फोड उचलून मिरेयापुढे धरली.

“एवढे?”

“त्याच्या निम्मे.”

“निम्मे,” तेओदोसिया पुटपुटली आणि कापत सुटली.

भोपळा गेला, तो विरघळून रंग देणार होता. शेवटी कोबी. बाजूच्या छोट्या शेगडीवर मिरेयाने बावीसच्या बावीस कांदे तेलात लाल होईपर्यंत परतले, त्यांत भिजवून वाटलेल्या पिवळ्या मिरच्या घातल्या. तेल सुटल्यावर तो वास छपरापर्यंत गेला असावा, कारण हातोडे क्षणभर थांबले. तिने कढई पातेल्यात उलटी केली. चर्र झालं. मीठ घातलं, चाखलं, आणखी घातलं. कच्चट वास कुठे गेला ते तिला शोधूनही सापडलं नाही.

बाराला दोन मिनिटं कमी असताना तिने डाव सुपात उभा केला आणि हात सोडला. डाव सावकाश, मोठ्या घरच्या माणसासारखा, काठाकडे कलला. पडला नाही.

“मिस्त्री!” तिने हाक मारली. “उतरा!”

पहिला डाव धरणीमायचा. मिरेयाने तो नव्या घराच्या उंबऱ्यापाशी मातीवर ओतला. माती तो लगेच प्यायली नाही. तसा जाडसर गोळा होऊन राहिला, वाफा सोडत.

“घ्या,” तेओदोसिया मोठ्याने म्हणाली, “धरणीलासुद्धा चावून खावं लागतंय!”

माणसं भिंतीच्या उन्हाच्या बाजूला रांगेने बसली. वाडगे फिरले. चमचे वाजू लागले. फ्रोइलान मिस्त्री उभ्यानेच खात होता, डोळे आभाळाकडे. वाडगा संपला तसा त्याने तो पुढे केला. मिरेयाने भरला. तोही संपला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने विचारलं.

“कशात कुटलंस?”

“त्यात,” मिरेयाने दाखवलं.

तो उखळापाशी गेला, वाकला, आत बघितलं, काठावर बोटाने टकटक केलं. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आजपासून यावर कोणी बूट काढायचा नाही.”

हशा पिकला. तेओदोसिया वाडगा चाटत म्हणाली, “माझं नवं छप्पर मे महिन्यात आहे. हे लाकूड मला दोन दिवस पाहिजे. आणि ही कांबा पण पाहिजे.”

“मी आपली उखळाबरोबर फुकट?” मिरेयाने विचारलं.

“तू नसलीस तर मला श्वास मोजायला कोण लावणार?”

“काकू, श्वास तर तुम्ही मला मोजायला लावले!”

“तेच ते.”

सेनोबियो पातेल्याच्या पलीकडे उभा राहून तिच्याकडे बघत होता. त्याच्या मिशीला पिवळं सूप लागलं होतं. “काही नाही म्हणालीस तू,” तो म्हणाला. “मी विचारलं तेव्हा.”

“काही नव्हतंच. नुसते दगड होते.”

घरी जेवायला कोणी गेलं नाही. साडेबाराला एकोणतीसच्या एकोणतीस माणसं परत कामावर होती, आणि आता त्यांचा नूरच वेगळा होता. पत्रे खालून वर हातोहात चालले, पायरीवर थांबणं नाही, शिव्या कमी, गाणी जास्त. सकाळी तीन तासांत सतरा पत्रे बसले होते. दुपारी दोनला मिस्त्रीने मोजले तेव्हा चाळीस झाले होते. दोनलाच ढग आले, ठरल्यासारखे, डोंगराच्या मागून, पोटाशी काळे. कोणी त्यांच्याकडे फारसं बघितलं नाही.

तीनला पाच कमी असताना फ्रोइलान मिस्त्री वरून ओरडला, “अठ्ठेचाळिसावा कुठाय?”

सगळे इकडेतिकडे बघू लागले. पत्रे संपले होते. छपराच्या वायव्य कोपऱ्यात एका पत्र्याएवढं आभाळ शिल्लक होतं.

“पळवला कोणी?” वरून आवाज आला. “कोणाच्या कोंबड्यांना घर मिळालंय?”

मिरेयाने शेगडीकडे बघितलं आणि पळाली. आडोशाचा पत्रा विटांच्या ढिगांमध्ये सकाळपासून इमानाने उभा होता. एका बाजूला काजळीचा पंखा उमटला होता, हातभर रुंद. तिने शालीचं टोक हाताला गुंडाळून तो उचलला. अजून कोमट होता.

“हा घ्या! भाजलेला आहे, जपून!”

पत्रा हातातून हातात वर गेला. मिस्त्रीने तो उलटापालटा करून बघितला, काजळीची बाजू आत ठेवून बसवला, खिळे तोंडातून काढत एकेक ठोकले. शेवटच्या खिळ्याला त्याने दोन जास्तीचे घाव घातले. तीन वाजून आठ मिनिटं झाली होती. कोणीतरी आढ्याला कागदी फुलं बांधली, कोणीतरी फटाक्यांची लड लावली, बीअरचा फेस चारही कोपऱ्यांत शिंपडला गेला आणि एकोणतीस माणसं, दोन कुत्री आणि एक उखळ नव्या छपराखाली आलं. उखळ आत घ्या, असं मिस्त्रीनेच फर्मावलं होतं.

चारला वीस कमी असताना गारा फुटल्या. पत्र्यावर असा गडगडाट झाला की बोलणं अशक्य. तेओदोसिया मिरेयाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडली. मिरेयाला एक अक्षर कळलं नाही, तरी ती हो म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. सेनोबियो तळवे वर करून खोलीभर फिरला, एखादा थेंब हातावर पडतोय का ते बघत. मग तो काजळीच्या पत्र्याखाली जाऊन उभा राहिला. वर बघितलं. हात तसेच कोरडे खिशात घातले.

गारा चौदा मिनिटं पडल्या. त्या थांबल्यावर मिरेया पातेलं घासायला अंगणात गेली. बोट घालून तळ बघितला. उरलं होतं दीड वाडगा. तो तिने बासिलिया मावशीसाठी झाकून ठेवला. सहाच्या सुमाराला इस्पितळातून फोन आला. मुलगी झाली होती, तीन किलो शंभर.

जाण्याआधी फ्रोइलान मिस्त्रीने खिशातली टेप काढली. एक टोक मिरेयाच्या हातात दिलं, जमिनीशी धरायला सांगितलं, आणि स्वतः शिडीवर चढून चारही भिंती एकेक करून मोजल्या. पेन्सिलीने आकडा दाराच्या चौकटीवर लिहिला.

दोन मीटर चाळीस.